आयडी चालू ठेवली

तुळजाबाई : मी सांगते तेच सांगाचं. श्रावण आजारी होता, तरी गाडी चालवत होता. बस. उलट कौतुक करतीन. इन्शुरन्सवाले का माणसं नाहीत?

रोशनी : आई, ती बाई कौतुक कराले नाही येऊन राहिली. चौकशीले येऊन राहिली.

तुळजाबाई : येऊ दे. उमरेडच्या बाजारात मी भले भले व्यापारी गप्प केले. ही कालची पोट्टी मले काय इचारीन?

रोशनी : तिनं सकाळीच फोनवर इचारलं. म्हणे, तुमचे मिस्टर दवाखान्यात भरती होते, अन् त्याच दिवशी त्यायच्या डिलिव्हरीच्या आयडीवर मनीषनगरात जेवण पोहोचलं. दोन्ही खरं कसं? मी म्हटलं, मॅडम, तुम्ही इथीच या, समोरासमोर बोलू.

तुळजाबाई : खोटं बोलता येत नाही तर चूप राहाव. बोलाले मी आहे ना.

रोशनी : तुम्ही बोलसान अन् क्लेम जाईन. जरा समजून घ्या नं. हे गाडी चालवत होते असं म्हटलं, का ती म्हणीन, मंग हा माणूस आजारीच नाही. ज्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तो जेवणाच्या थैल्या घेऊन जिने चढते का?

तुळजाबाई : चढते. माहा पोरगा चढते.

रोशनी : तुमचा पोरगा त्या दाराच्या आत डायलिसिसच्या मशीनले लागून आहे. बाथरूमपर्यंत जाले ह्यायले माहा खांदा लागते. कोणाले फसवून राहिले तुम्ही?

तुळजाबाई : मंग तू काय सांगाचं म्हणते? वैभवचं नाव घ्याचं?

रोशनी : जे झालं ते सांगाचं. मोठा भाऊ पडला, म्हणून धाकट्यानं त्याच्या आयडीवर गाडी चालवली.

तुळजाबाई : अन् मंग? आयडी याचीही बंद, त्याचीही बंद. आज घरात वैभव एकटा कमावते. एक पोरगा मशीनवर टाकला, दुसरा घरी बसवू? मी माय आहे का वैरीण?

रोशनी : हे तेव्हा सुचाले पाहिजे होतं.

तुळजाबाई : कोणाले? नाव घेऊन बोल.

रोशनी : नाव घेतलं तर तुम्ही माह्या हातचं जेवत नाही.

तुळजाबाई : नाही तरी तुह्या वरणात मीठ नसते. घे नाव.

रोशनी : तुम्हाले. मी म्हटलं होतं, हेल्पलाइनले फोन लावते. हे पण पडल्या पडल्या म्हणत होते, टीम लीडर गोपिका मॅडम चांगली आहे, तिले इचार. तुम्ही माह्या हातातला फोन घेतला अन् कमरेले खोचला. लोकायच्या दारात इचारत फिराची आपली चाल नाही म्हणे.

तुळजाबाई : म्हटलं. अन् काहून नाही म्हणू? श्रावणनंच सांगतलं होतं मले. महिन्यात ठरलेले दिवस गाडी चालली तर कंपनीचा विमा चालू, नाही तर बंद. मोठ्या आजाराचा विमा. कॅन्सर, हार्ट, किडनी. तेव्हा तो हसत होता. म्हणे, आई, आपल्याले कायले लागते, पण फुकट आहे तर असू दे. अन् नेमका तो पडला. टीम लीडरले सांगतलं असतं तर तिनं त्याच दिवशी नाव कापलं असतं.

रोशनी : असतं, असतं. इचारलं कुठी?

तुळजाबाई : आमच्या घरात काय होये ते तुले नाही माहीत. तू आली तेव्हा हातमाग मोडून गेले होते. तुहा सासरा तापानं फणफणला का त्याच्या मागावर त्याचा भाऊ बसे. भाऊ नसला तर मी बसत होती, पोट्टं मांडीवर घेऊन. लुगडं कबूल केलेल्या दिवशी जाये. शेठ इचारत नव्हता का कोणाच्या पायानं माग चालला. घराचं नाव चाले. एका माणसाची जागा रिकामी दिसू द्याची नाही, एवढंच मले शिकवलं. श्रावणच्या जागेवर वैभव बसला. यात पाप कोणतं?

रोशनी : मागाले तोंड दाखवा लागत नव्हतं, आई. मोबाइलले लागते.

तुळजाबाई : हूं.

रोशनी : ॲप कधीही म्हणते, सेल्फी दे. मंग भाऊजी गरम जेवण पाठीवर घेऊन दवाखान्याच्या गेटवर. मी खाली पळत जाऊन मोबाइल आणाचा. ह्यायले उठवून बसवाचं. दवाखान्याच्या कपड्यावरून कंपनीचा टीशर्ट चढवाचा. मानेतली नळी दिसू नये म्हणून माही ओढणी गुंडाळाची. हे म्हणत, रोशनी, आज नको वं. अन् मी म्हणो, आईनं सांगतलं आहे, एकच फोटो.

तुळजाबाई : तुले पटत नव्हतं तर नाही म्हणाव.

रोशनी : तुम्हाले नाही म्हणणारा माणूस आहे का आपल्या घरात?

तुळजाबाई : एक होता. त्याच्या फोटोले हार आहे.

रोशनी : हसवू नका आई. मले रडू येऊन राहिलं.

तुळजाबाई : रडाचं घरी. इथी लोकं पाहून राहिले.

रोशनी : तुमचं मले समजतच नाही. डॉक्टरनं इचारलं किडनी कोण देईन, तर सगळ्यायच्या आधी तुम्ही हात वर केला. ऑपरेशन होईन म्हटलं तरी डोळा हलला नाही तुमचा. अन् माहं चुकलं, एवढं म्हणाले जीभ वळत नाही.

तुळजाबाई : तू मॅडम म्हणते ती हीच का? बॅग लटकवून येऊन राहिली ती?

रितिका : नमस्कार. रोशनीताई तुम्हीच ना? मी रितिका. विमा कंपनीकडून आले, सकाळी फोन केला होता. आणि या मावशी म्हणजे...

तुळजाबाई : मावशी नाही. तुही माय माही बहीण नाही.

रितिका : सॉरी, आजी.

तुळजाबाई : पहिलंच बरं होतं. तुळजाबाई म्हण. बापानं नाव ठेवलं ते वापरासाठीच ठेवलं. मी श्रावणची माय.

रितिका : बरं, तुळजाबाई. इथे बसू का?

तुळजाबाई : बस. दवाखान्याचं बाकडं आहे, माह्या घरचा पाट नाही. पाणी पेते? उनाची आली.

रितिका : चालेल, द्या. कामठीहून आले स्कूटीवर, डोकं भणाणलंय.

तुळजाबाई : कामठीची आहे अन् पुस्तकावानी बोलते.

रितिका : ऑफिसनं लावलेली सवय. घरी माझी आईही हेच म्हणते. आत्ता डायलिसिस चालू आहे का त्यांचं? मग मी आत जात नाही. तुमच्याशीच बोलते. फोनवर रेकॉर्ड करावं लागतं, चालेल ना? त्रास कधी सुरू झाला श्रावणदादांना?

तुळजाबाई : उन्हाळ्यात पाय सुजले. मी म्हटलं, गाडीवर लटकून लटकून सुजले असतीन. मिठाच्या गरम पाण्यात ठेवाले लावले.

रोशनी : पाठ दुखे त्यायची. औषधाच्या दुकानातून गोळी घेत अन् निघत. पाणी तर पेतच नव्हते.

रितिका : नागपूरच्या उन्हाळ्यात? पाणी का नाही?

रोशनी : पेलं का उतरा लागते नं मॅडम. हॉटेलवाले म्हणत, संडास गिऱ्हाइकासाठी आहे. बिल्डिंगवाले म्हणत, वॉचमनले इचार. ह्यायनं मंग पेणंच कमी केलं. आता डॉक्टर मोजून पेलाभर देते, तर रात्रंदिवस पाणी पाणी करतात.

रितिका : बरं. आता मुख्य प्रश्न. ते दवाखान्यात भरती झाल्यावरही त्यांच्या आयडीवर ऑर्डरी पोहोचल्या आहेत. त्या कोणी पोहोचवल्या?

तुळजाबाई : श्रावणनं.

रोशनी : आई...

तुळजाबाई : मले बोलू दे. श्रावणनं. कामाचा भारी नाद आहे त्याले.

रितिका : भरती असताना?

तुळजाबाई : मधात मधात जाये. डॉक्टरचा डोळा चुकवून.

रितिका : डायलिसिस झाल्या दिवशीही?

तुळजाबाई : त्या दिवशीही.

रितिका : तुळजाबाई, मी रेकॉर्डिंग बंद करते. हे सुरुवातीपासून पुन्हा घेऊ आपण. त्याआधी एकदा हे बघा. ॲपनं वेळोवेळी मागितलेले फोटो आहेत.

(मोबाइलवर एकामागून एक फोटो सरकत जातात. तुळजाबाईंनी हे फोटो आजवर पाहिलेच नव्हते. काढायला सांगितले होते, तेवढंच.)

तुळजाबाई : हा आमचा श्रावण. गालात हसून राहिला, पाह्य. जुना आहे ना हा?

रितिका : हो, आजाराच्या आधीचा.

तुळजाबाई : पुढचा दाखव. हा कोण?

रोशनी : तेच आहेत, आई.

तुळजाबाई : डोळे काहून असे? जशी मधमाशी चावली.

रोशनी : सूज. भरती केलं त्या हप्त्यातला आहे.

तुळजाबाई : अन् हा? हा तर गोरा दिसून राहिला.

रोशनी : मी पावडर लावली होती. रंग काळा पडला होता त्यायचा. मले भीती वाटली, ॲप फोटो घेईन का नाही.

तुळजाबाई : आजारी माणसाले पावडर लावली?

रोशनी : तुम्ही गेटवर भाऊजीपाशी उभ्या होत्या. खालून आवाज देत होत्या, लवकर कर, जेवण थंडं होऊन राहिलं.

तुळजाबाई : मागं हिरवी भिंत दिसते.

रितिका : हो. लोखंडी पलंगही दिसतो. आणि सगळ्या फोटोंत तीच ओढणी. मशीननं पास केलं. पण आमच्याकडे क्लेम आला की माणूस बघतो. माणसाला दिसतं.

तुळजाबाई : हा शेवटचा... यात तर तो पाहतच नाही इकडे.

रोशनी : मान वर धरता येत नव्हती. मी मागून हात लावला होता.

तुळजाबाई : ठेव तो मोबाइल. ठेव म्हटलं नं.

रितिका : पाणी घेता का थोडं?

तुळजाबाई : नको. तू इचार. काय इचाराचं ते इचार.

रितिका : विचारायच्या आधी मला एक सांगायचंय. सांगू की नको, सकाळपासून ठरत नव्हतं माझं. तुम्हाला वाईट वाटेल.

तुळजाबाई : वाईट वाटाचं बाकी काय राहिलं?

रितिका : हे सगळं तुम्ही विमा चालू राहावा म्हणून केलंत ना?

रोशनी : हो मॅडम. दुसऱ्या कशासाठीच नाही.

रितिका : मोठा आजार आहे असं डॉक्टरांनी ज्या दिवशी नक्की केलं, त्या दिवशी विमा चालू असला पाहिजे, एवढीच अट आहे. त्या दिवशी तो चालू होता. त्याआधी श्रावणदादांनी स्वतःच काम केलं होतं, ते पुरेसं होतं. त्यानंतर त्यांच्या आयडीवर एकही ऑर्डर गेली नसती तरी चाललं असतं.

तुळजाबाई : एकही नाही?

रितिका : एकही नाही. आजारी माणसानं काम करावं अशी अट कशी असेल?

तुळजाबाई : म्हणजे वैभव त्या उनात... अन् ही पोट्टी जिन्यानं खालीवर... हे कायच्यासाठी मंग?

रोशनी : एक फोन, आई. एकच फोन कराले म्हणत होती मी.

तुळजाबाई : चूप राय, रोशनी.

रोशनी : राहिली चूप.

तुळजाबाई : नाही. बोल. बोल तू, मी ऐकून राहिली.

रोशनी : आता काय बोलू?

रितिका : रागावू नका एकमेकींवर. पुढचं ऐका. आमच्या ऑफिसला दोनच गोष्टी वाटताहेत. एक, श्रावणदादा ठणठणीत होते आणि कागद खोटे आहेत. असं धरलं तर क्लेम तिथेच संपला. दुसरी, आजार खरा आहे आणि आयडी दुसऱ्यानं वापरली. तसं असेल तर आजार खरा असल्याचं मी माझ्या रिपोर्टात मांडू शकते, दवाखान्याचे सगळे कागद आहेतच. पण आयडी दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. ती बंद होणार. ज्यानं वापरली त्याचीही.

तुळजाबाई : अन् क्लेम होईन?

रितिका : होईलच असं मी नाही म्हणणार. वरचे लोक ठरवतात. कदाचित होईल, कदाचित हाच मुद्दा धरून अडवतील. पण खोट्यावर नक्की होणार नाही.

तुळजाबाई : वैभवचं नाव न घेता नाही होत? परका होता म्हण कोणी. उनातान्हात आला, गाडी घेऊन गेला.

रितिका : वैभव त्याच कंपनीत आहे ना? त्याच दिवसांत त्याची स्वतःची आयडी बंद पडून होती. दिसतं ते.

रोशनी : आई, थांबा. भाऊजीले इचारू आधी. त्यायच्या पोटावर येऊन राहिलं. त्यायची रोजी जाईन.

तुळजाबाई : आता तू थांबा म्हणते?

रोशनी : मी मघापासून म्हणत होती खरं सांगा, खरं सांगा. पण त्यायचा चेहरा समोर आला माह्या. त्यायनं एका शब्दानं कुरकुर केली नाही कधी.

तुळजाबाई : केली होती. तुह्यासमोर नाही, माह्यासमोर. म्हणे, आई, पकडल्या गेलो तर माहीही आयडी जाईन. मी म्हटलं, भावासाठी एवढं होत नाही तुह्याच्यानं? तो खाली मान घालून चाबी घेऊन गेला.

रोशनी : मले नाही सांगतलं हे.

तुळजाबाई : कायले सांगू? आता त्याले इचारलं तर तो हो म्हणीन. मी ओळखते त्याले. मंग जन्मभर त्याले वाटीन, मीच हो म्हटलं. नाही. हे माह्याच डोक्यावर राहू दे. मॅडम, तुहं ते चालू कर.

रितिका : नक्की?

तुळजाबाई : तू चालू कर, नाही तर माहा बेत बदलीन.

रितिका : केलं. बोला.

तुळजाबाई : मी तुळजाबाई. राहणार हुडकेश्वर. श्रावण माहा मोठा पोरगा. तो दवाखान्यात पडून होता, अन् त्याच्या नावावर गाडी माह्या धाकट्यानं, वैभवनं चालवली. वैभव नाही म्हणत होता, मी जबरीनं पाठवलं. फोटो काढाले ही सून पळे, तिले मी पळवलं. श्रावण म्हणे आज नको, त्याचंही मी ऐकलं नाही. मी सांगतलं म्हणून झालं सारं.

रितिका : एवढं पुरे आहे.

तुळजाबाई : पुरे नाही. मघा सांगतलं का श्रावणच गाडी चालवत होता, ते खोटं होतं. ते तुह्यावालं यंत्र बंद होतं का चालू होतं मले माहीत नाही, पण खोटं होतं. अन् अजून एक. तुमच्या लोकायले इचाराले पाहिजे होतं, ते मी इचारू दिलं नाही. मले वाचता येत नाही. सही येते, बाकी काही नाही. हे कागद लोकं पुढे करतात, अन् मी अशी पाहते जसं सारं कळलं. आयुष्यभर तसंच पाहिलं. कोणापुढे तोंड उघडलं तर कळीन का हिले काही येत नाही, म्हणून घरातल्यायलेही तोंड उघडू दिलं नाही. झालं. बंद कर.

रितिका : केलं बंद.

रोशनी : आई...

तुळजाबाई : तू म्हणत होती नं, किडनी द्याले तयार अन् हे म्हणाले नाही? पोरी, किडनी देणं सोपं आहे. तिथी गुंगी देतात.

रितिका : तुळजाबाई, मी जेवढं मांडता येईल तेवढं मांडते. तुमचं बोलणं जसंच्या तसं पाठवते.

तुळजाबाई : जसंच्या तसं पाठव. मंगाशी पुस्तकावानी बोलते म्हटलं, तर माह्या बोलण्याचं पुस्तकावानी नको करू.

रितिका : नाही करत. निघू मी? ऊन उतरायच्या आत हुडकेश्वरला तुमच्या शेजाऱ्यांकडेही जायचंय, ते राहिलं तर रिपोर्ट अडकतो.

तुळजाबाई : जाय. शेजारी कुंदाबाई माह्याबद्दल चांगलं नाही सांगणार. ते तेवढं खरं धरजो.

रितिका : येते. श्रावणदादांना सांगा, लवकर बरे व्हा म्हणून.

रोशनी : गेली. चांगली होती वं बाई.

तुळजाबाई : चांगली होती. म्हणून तर जड गेलं. भांडणारी असती तर मी तिले गप्प केलं असतं.

रोशनी : ह्यायले कोण सांगीन? मशीनवरून उतरल्याबरोबर इचारतीन, काय म्हणाल्या मॅडम.

तुळजाबाई : मी सांगीन. सारं सांगीन. तू बाहेर थांबजो.

रोशनी : मी बाहेर काहून?

तुळजाबाई : तो रडला तर तुह्यासमोर लाजीन. मी रडली तर मी.

रोशनी : अन् भाऊजीले?

तुळजाबाई : फोन लाव त्याले. लाव, माह्या हातात दे. ...हॅलो. वैभव. कुठी आहेस? ...मोठा आवाज येऊन राहिला गाड्यायचा. ...हो, भावाचं बरं आहे. मशीनवरच आहे अजून. ...ती चौकशीवाली? आली होती. ...सांगते ना. तू आत्ता काय करून राहिला? ...कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? ...नाही, नाही, तसं काही नाही. तू चढ पहिले. देऊन ये, मंग लाव मले फोन. ...हो. पाणी पेजो.

रोशनी : सांगतलं नाही तुम्ही?

तुळजाबाई : हातात कोणाचं तरी जेवण आहे त्याच्या. एवढं पोहोचू दे.